नवा करार, लिहिला गेला त्या क्रमाने : वसईतल्या अभ्यासवर्गाबद्दल

वसईत पश्चिमेला एका पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचा, अभ्यासवर्ग चालतो, त्याची पावसाळ्यानंतरची बॅच मी पूर्ण केली, आणि तेव्हापासून वाडीतले, नात्यातले, मुलांच्या शाळेतले पालक सगळे विचारतायत की कसा आहे, जावं का, कठीण जातं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. जावं का याचं उत्तर हो. अडचणी आहेत, त्याही खाली लिहिल्यात.

या वर्गाचं वेगळेपण म्हणजे नवा करार छापलाय त्या क्रमाने शिकवत नाहीत, तो लिहिला गेला त्या क्रमाने शिकवतात. छापील प्रतीत आधी मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमानं येतात, मग प्रेषितांची कृत्ये, आणि मग प्रेषित पौलाने ठिकठिकाणच्या मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समूहांना, लिहिलेली पत्रं. त्यामुळे आपल्या डोक्यात असंच बसलेलं असतं की आधी येशूचं चरित्र लिहिलं गेलं आणि मग चर्च उभं राहिलं. प्रत्यक्षात येशूला क्रुसावर दिलं ते साधारण इ.स. 30 च्या आसपास, पिलात हा रोमन सुभेदार होता तेव्हा, पौलाचं सगळ्यात जुनं पत्र साधारण 50 सालचं, आणि पहिलं शुभवर्तमान मार्कचं, ते 70 च्या आगेमागे. म्हणजे मंडळ्या होत्या, प्रार्थना होत्या, भाकर मोडणं होतं, भांडणंसुद्धा होती, आणि अजून एकही शुभवर्तमान लिहिलेलं नव्हतं. हे तारखांसकट एकदा समजलं की पुढचं सगळं वाचन बदलतं.

मी धर्मशिक्षणाच्या वर्गाला लहान मुलांना शिकवते आणि मुलं सरळ विचारतात, येशूने हे स्वतः लिहिलं का, कोणी त्याच्या बाजूला बसून लिहून घेत होतं का, मग त्यांना कसं कळलं. मुलांना नीट आणि खरं उत्तर द्यायचं होतं म्हणून मी नाव घातलं.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या फादरांनी बायबल उघडायलाच लावलं नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र त्यांनी झेरॉक्स करून वाटलं, त्यातले अध्याय, वचनांचे आकडे, मधली शीर्षकं सगळं काढून टाकलेलं, कारण वचनांचे आकडे नव्या करारात 1551 साली आले, पौलाने काही आकडे घालून लिहिलं नव्हतं. मग एका ताईंना उभं करून सगळं पत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, दुसऱ्या वाचनाला आपण पौलाचे चार-पाच ओळींचे तुकडे ऐकतो, पुढच्या रविवारी पुढचा तुकडा, त्यामुळे पत्र म्हणून ते सलग कधी कानावर पडतच नाही. सलग ऐकलं तर लक्षात येतं की हा माणूस एका बंदराच्या शहरातल्या नव्या मंडळीच्या काळजीत आहे, त्याला तिथून घाईने निघावं लागलं होतं, त्याने आपला सहकारी तीमथ्य याला चौकशीला पाठवलं होतं आणि बरी बातमी आल्यावर त्याला बरं वाटलंय. त्या लोकांचा प्रश्न काय होता, तर येशू लवकर परत येणार असं आम्हाला सांगितलंत पण आमच्यातले काही जण त्याआधीच वारले, त्यांचं काय. कोणत्याही घरातला प्रश्न आहे हा. आणि शेवटी पौल बजावतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा, म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये आम्ही जे केलं तेच.

हे 50 सालचं कशावरून, हे फादरांनी सांगितलं ते मला फार आवडलं, कारण नुसतं विद्वान म्हणतात म्हणून सोडून दिलं नाही. ग्रीसमध्ये डेल्फीला एक शिलालेख सापडलाय, सम्राट क्लौदियाचं पत्र दगडावर कोरलेलं, त्यात गल्लियो नावाच्या सुभेदाराचा उल्लेख आहे. तो साधारण 51-52 च्या सुमारास करिंथात होता. आणि प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात पौलाला याच गल्लियोपुढे उभं केलंय. दोन्ही जोडलं की पौल करिंथात कधी होता हे समजतं, आणि हे पत्र त्या मुक्कामातलं मानतात.

पत्र जायचं कसं, यावर अख्खी एक संध्याकाळ गेली. तेव्हा खाजगी पत्रांसाठी टपाल नव्हतं, सरकारी डाक फक्त सरकारच्या कामाची. म्हणजे जाणारं-येणारं माणूस गाठायचं. रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात फिबी नावाच्या बाईची ओळख करून दिलीय, ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका, तिला नीट ठेवून घ्या असं पौल लिहितो, त्यावरून हे पत्र रोमला तिनेच नेलं असणार असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच अध्यायात मध्येच एक ओळ येते, हे पत्र लिहून घेणारा मी तर्तिय तुम्हाला सलाम सांगतो. पौल सांगत होता, तर्तिय लिहीत होता, आणि त्याने आपलं नावही घातलं. माझ्या मुलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं, लिहून घेणारा माणूस होता, नावासकट होता. पौलाच्या नावावर तेरा पत्रं आहेत, त्यातली सात निर्विवाद त्याचीच धरतात आणि बाकीच्यांबद्दल मतं वेगळी आहेत, तेही लपवलं नाही. एका मावशींना त्याने थोडं अस्वस्थ झालं, त्यांनी विचारलंसुद्धा की मग ती खोटी का, तर फादर म्हणाले, मावशी, गुरूच्या नावाने शिष्याने लिहायची रीत तेव्हा होती, आणि चर्चने ती वाचली, जपली, त्यातून शिकलं, ते कुठे जात नाही. मला हे पटलं. श्रद्धेला माहितीची भीती वाटायचं कारण नाही असं मला मनापासून वाटतं आणि वर्गात तसंच वातावरण होतं.

मग करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठला, केफाला, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याला, दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून जास्त बंधूंना एकाच वेळी, मग याकोबाला. पौल स्वतःच म्हणतो की हे मला मिळालं तसं मी तुम्हाला दिलं, म्हणजे या ओळी पत्राच्याही आधीच्या आहेत, पाठ केलेल्या, तोंडोतोंडी आलेल्या. अख्ख्या ख्रिस्ती धर्माची सुरुवातीची गोष्ट सगळ्यात जुन्या रूपात हवी असेल तर ती इथे आहे. पौल गलतीकरांना लिहितो की तो यरुशलेमला जाऊन केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि तिथे प्रभूचा भाऊ याकोब त्याला भेटला. यादीतली दोन नावं हीच. इथे एका मुलीने, नर्सिंगला आहे ती, विचारलं की रिकाम्या कबरीपाशी तर बाया पहिल्या होत्या, मग या यादीत त्या का नाहीत. चारही शुभवर्तमानांत मग्दलाची मरिया आहे, आणि या जुन्या यादीत एकाही बाईचं नाव नाही. यावर चर्चा पुष्कळ झाली, फादरांनी तेव्हाच्या कोर्टकचेरीत बायकांची साक्ष कमी धरायचे वगैरे सांगितलं, पण प्रश्न मिटवून टाकला नाही, उघडा ठेवला. असं शिकवणारे कमी असतात.

यरुशलेमच्या सभेचा भाग पण चांगला घेतला. ज्यू नसलेल्यांना मंडळीत घ्यायचं तर आधी सुंता करायला लावायची का, मोशेचं नियमशास्त्र, म्हणजे ज्यूंचे धर्मनियम, पाळायला लावायचं का, यावरून साधारण 49 साली मोठा वाद झाला, आणि अंत्युखियात तर पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर बोल लावला, कारण पेत्र आधी परक्यांबरोबर जेवायचा आणि याकोबाकडची माणसं आल्यावर मागे सरकला. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो यावरून झालेलं भांडण कोकणात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि एक आजोबा उठून म्हणाले की अलिबाग-रेवदंड्याकडे आपल्याकडे शनिवार तेली होते ना, बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, सुंता करायचे, तसेच हे सगळे सुरुवातीचे लोक. बरोबर आहे. येशू, त्याची आई मरिया, पेत्र, पौल सगळे शब्बाथ पाळणाऱ्या घरातले, आणि त्यांचं शास्त्र म्हणजे आपण ज्याला जुना करार म्हणतो तेच. हे एवढं जवळचं उदाहरण किनाऱ्यावर असताना धर्मशिक्षणात ते वापरत कसे नाहीत याचं मला आता आश्चर्य वाटतं.

आता मार्क. संपूर्ण बॅचमधली सगळ्यात चांगली संध्याकाळ ही. सोळाही अध्याय एका बैठकीत, चार जणांनी आळीपाळीने वाचले, दीड तासाच्या आसपास लागला, मध्ये फक्त चहा. मार्कमध्ये जन्मकथा नाही, बेथलेहेम नाही, सरळ यार्देन नदीवर बाप्तिस्मा आणि तिथून सरोवरावर. पाचूबंदरचे एक दादा होते वर्गात, बोटीवर काम केलेले, त्यांना एकेक गोष्ट दिसत होती जी आम्हाला वाचून दिसली नव्हती. याकोब (हा वेगळा, प्रभूचा भाऊ नव्हे) आणि योहान हे भाऊ जाळी दुरुस्त करत बसलेत आणि बापाला मजुरांबरोबर मचव्यात सोडून जातात, तर ते म्हणाले म्हणजे घरची बोट होती आणि वर खलाशी ठेवण्याइतका धंदा होता, हे गरीब नव्हते, सोडलं ते मोठं सोडलं. वादळात येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय, तर ते म्हणाले झोपायची जागा तीच. फादरांनी मग 1986 साली दुष्काळात पाणी खाली गेल्यावर गालील सरोवराच्या गाळात सापडलेल्या पहिल्या शतकातल्या बोटीचा फोटो दाखवला, साधारण आठ मीटर लांब. आणि मत्तयातला जाळ्याचा दाखला ओघाने आला, जाळं टाकतात, भरल्यावर किनाऱ्याला ओढतात, बसून चांगले मासे भांड्यांत घेतात आणि वाईट टाकून देतात, तर हे मालवणकडे रापण ओढतात अगदी तसंच, दोन्ही टोकांना माणसं आणि मग वाळूवर बसून निवडणं.

मार्कचा शेवट मात्र सगळ्यांना हलवून गेला. सोळाव्या अध्यायात बाया कबरीवरून पळतात, थरथरतात आणि कोणाला काही सांगत नाहीत कारण त्या भ्यायल्या होत्या, इथे आठव्या वचनाला सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क संपतो. ही दोन्ही चौथ्या शतकातली, एक व्हॅटिकनमध्ये आहे, दुसरं सीनाय डोंगराजवळच्या मठात सापडलं आणि त्याचा बराचसा भाग आता लंडनला आहे. पुढची नऊ ते वीस ही वचनं नंतर जोडलेली मानतात, आपल्या छापील प्रतींत तशी टीपही असते, पण टीप कोण वाचतं. वाचून दाखवणाऱ्याला फादरांनी आठव्यालाच थांबवलं. मार्क लिहिला गेला त्याच सुमारास, म्हणजे 70 ला, रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं, त्याच्या आधी सम्राट नीरोच्या काळात रोममध्ये ख्रिस्ती लोकांना मारलं होतं, पेत्र आणि पौल तेव्हाच गेले अशी परंपरा आहे. म्हणजे ज्यांनी डोळ्याने पाहिलं ती माणसं संपत चालली होती. आता लिहून ठेवलंच पाहिजे, ही निकड त्या पुस्तकात मला पहिल्यांदा जाणवली.

नाताळच्या तोंडावर मत्तय आणि लूक घेतले, ते मुद्दामच असणार. दोघांनीही मार्क समोर ठेवून लिहिलं आणि दोघांनी आपापली जन्मकथा घातली. मत्तयात तारा, ज्ञानी लोक, हेरोद, इजिप्तला पळून जाणं. लूकमध्ये शिरगणती, गव्हाण, मेंढपाळ. मेंढपाळ मत्तयात नाहीत आणि तारा लूकमध्ये नाही, आपण नाताळला गोठा करतो त्यात दोन्ही एकत्र ठेवतो. ज्ञानी लोक तीन होते असंही मत्तय कुठे म्हणत नाही, भेटवस्तू तीन आहेत. आणि पौल सगळ्यांच्या आधी, फक्त एवढंच म्हणतो की तो स्त्रीपासून जन्मला. हे मी माझ्या मुलांना तक्ता करून शिकवलं, त्यांना ते शोधायला फार मजा आली आणि गोठ्याचं प्रेम कणभर कमी झालं नाही, उलट प्रत्येक मेंढी कुठून आली हे त्यांना माहीत होतं.

योहान थोडक्यात झाला, पण एक चांगलं केलं, मँचेस्टरच्या लायब्ररीतल्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाच्या, तुकड्याचं चित्र खऱ्या मापात छापून हातात दिलं. हा तुकडा इजिप्तमधला, जेमतेम नऊ बाय सहा सेंटीमीटर, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, पिलातापुढच्या चौकशीचा भाग, अक्षराच्या वळणावरून दुसऱ्या शतकातला धरतात. दोन्ही बाजूंनी लिहिलंय म्हणजे गुंडाळी नव्हती, पानांचं पुस्तक होतं, आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी गुंडाळी सोडून पानांचं पुस्तक धरलं हे त्यांचं वैशिष्ट्यच.

आता जिथे मला कमी वाटलं ते. आपल्या किनाऱ्याचा भाग अगदी घाईत उरकला. पहिल्या शतकातच, म्हणजे पौलाच्याच जगात, तांबड्या समुद्रातून जहाजं इकडे येत होती, त्या काळच्या एका ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं नोंदवलेली आहेत. सोपारा म्हणजे आपलंच नालासोपारा. युसेबियस नावाचा चौथ्या शतकातला इतिहासकार सांगतो की अलेक्झांड्रियाचा पंतेनस नावाचा ख्रिस्ती शिक्षक हिंदुस्थानात आला तेव्हा त्याला इथे येशूचा शिष्य बर्थलमय याने ठेवलेलं, हिब्रू लिपीतलं मत्तयाचं शुभवर्तमान मिळालं असं म्हणतात. त्या काळी हिंदुस्थान हे नाव अरबस्तानालाही लावायचे, म्हणून तो हाच किनारा का यावर वाद आहे, पण हा वाद वसईकरांपुढे नीट मांडायला हवा होता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने तर कल्याणला पर्शियाकडून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलंय, ते पोर्तुगीज यायच्या जवळजवळ हजार वर्षं आधी. आपल्याकडे अजून लोक म्हणतात की ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांनी आणला. यासाठी वेगळी संध्याकाळ हवीच.

शेवटचा विषय म्हणजे ही सत्तावीस पुस्तकं ठरली कशी, तोही दाटीवाटीत झाला, पण मजकूर भक्कम होता. व्हॉट्सअ‍ॅपवर सारखं फिरतं की सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 साली निकियाच्या सभेत पुस्तकं निवडली आणि बाकीची जाळली. निकियात वाद होता तो पुत्र पित्याच्या बरोबरीचा की नाही यावर, शिवाय पास्काची, म्हणजे ईस्टरची, तारीख, पुस्तकांची यादी तिथे झालेलीच नाही. 140 च्या सुमारास रोममध्ये मार्सियन नावाच्या एका शिकवणाऱ्याने जुना करार टाकून फक्त लूकचं कापलेलं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं ठेवली, त्यानंतर कोणती पुस्तकं धरायची हा प्रश्न टाळता येईना. 180 च्या आसपास लियोंचा बिशप आयरेनियस चारच शुभवर्तमानं म्हणून ठाम उभा राहिला. इब्री लोकांना लिहिलेलं पत्र, प्रकटीकरण हे पुस्तक, पेत्राचं दुसरं पत्र यांवर बराच काळ घोळ चालू होता. आणि आजची सत्तावीसच्या सत्तावीस नावं जशीच्या तशी पहिल्यांदा दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 सालच्या पास्काच्या पत्रात. म्हणजे इथेही एका पत्रातच. 1945 ला इजिप्तमध्ये सापडलेल्या थोमाच्या नावावरच्या शुभवर्तमानावर, त्यातल्या 114 वचनांवर, मुलं युट्यूब बघून येतात आणि विचारतात, त्यावर फक्त दहा मिनिटं मिळाली, ते कमी पडलं.

बाकी सोयी. हॉलमध्ये आवाज घुमतो, मागच्या रांगेत निम्मं कळत नाही, पुढे बसा. नकाशाची झेरॉक्स इतकी फिकी होती की थेस्सलनीका आणि करिंथ पेनाने गिरवून घ्यावं लागलं. वेळ साडेसहाची, पण ज्यांना पहाटे भाजी, फुलं घेऊन दादरला जायचं असतं त्यांना नऊपर्यंत थांबणं जड जातं, दोन-तीन जण त्यामुळे सुटले आणि ते चांगलं वाचणारे होते. वेळ पाच केली तर बरं होईल, मी सांगितलंय. फी नाममात्र आहे, झेरॉक्स आणि चहाचीच. कॅथलिकच असायला पाहिजे असं नाही, आमच्या बॅचला सोपाऱ्याचे एक इतिहासाचे शिक्षक होते, हिंदू, सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच. मराठी सोपी आहे, ग्रीक वगैरे येत नसेल तरी काही अडत नाही. फक्त शांत प्रवचन ऐकायच्या इच्छेने गेलात तर कंटाळाल, इथे मोठ्याने वाचावं लागतं आणि मत द्यावं लागतं. दहावी-बारावीच्या मुलांना जरूर पाठवा.

ज्यांना पुढच्या बॅचपर्यंत थांबायचं नाही त्यांनी घरी असं करा. आधी फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाचा, पंचवीस वचनं आहेत, मालकापासून दूर गेलेल्या ओनेसिम नावाच्या दासाला पौल परत पाठवतो आणि मालकाला सांगतो की त्याला आता दास म्हणून घेऊ नकोस, भाऊ म्हणून घे. मग थेस्सलनीकाचं पहिलं, सलग आणि मोठ्याने. मग एखाद्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने मार्क, आणि सोळाव्या अध्यायात आठव्या वचनाला थांबा आणि घरात काय बोलणं होतं ते ऐका. नोंदणी पॅरिश ऑफिसात होते, सकाळच्या मिस्सेनंतर विचारलं की सांगतात.